फ्युजन रिअॅक्टरच्या भिंतीत हायड्रोजन काय करतो आणि मशीन लर्निंग तिथे कसं कामाला येतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आणि ऐरोली-वाशीकडे इंजिनियरिंग, बीएस्सी करणाऱ्या पोरांशी या विषयावर बोलणं होतं तेव्हा तेच तेच प्रश्न फिरून येतात, कधी त्यांचे आईवडीलही विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. ज्या प्रश्नात बोलण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय, बाकीचे पटापट.

प्रश्न: फ्युजनमध्ये प्लाझ्मा तर चुंबकाने हवेत धरून ठेवतात ना, मग भिंतीला तो लागतोच कसा?

धरून ठेवतात, पण शंभर टक्के धरता येत नाही. टोकामाकच्या, म्हणजे प्लाझ्मा चुंबकाने धरणाऱ्या कड्यासारख्या यंत्राच्या, मध्यभागी तापमान १५ कोटी अंशांच्या घरात असतं आणि तिथून कण सतत थोडे थोडे बाहेर झिरपत राहतात. शिवाय आत तयार झालेली हेलियमची राख बाहेर काढायलाच लागते, नाहीतर प्लाझ्मा विझतो, म्हणून मुद्दाम खालच्या बाजूला एक जागा ठेवलेली असते जिथे हे सगळं येऊन आदळतं, तिला डायव्हर्टर म्हणतात. फ्रान्समधल्या कादाराशला इटर हा आंतरराष्ट्रीय फ्युजन रिअॅक्टर बनतोय, त्याच्या डायव्हर्टरवर दर चौरस मीटरला १० मेगावॅट उष्णता नेहमीसाठी धरलेली आहे आणि थोड्या वेळापुरती २० पर्यंत. म्हणून तिथे टंगस्टन वापरतात, ते ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, धातूंमध्ये सगळ्यात जास्त. २०२३ मध्ये इटरने आतली मुख्य भिंतही बेरिलियमऐवजी टंगस्टनची करायचं ठरवलं, त्यामुळे टंगस्टन आणि हायड्रोजनचं नातं समजून घेणं आता आणखी महत्त्वाचं झालंय.

प्रश्न: बरं, भिंतीत थोडा हायड्रोजन गेला तर बिघडलं काय?

खूप काही बिघडतं, आणि हाच सगळ्या विषयाचा गाभा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंधन म्हणजे ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, दोन्ही हायड्रोजनचेच भाऊ. ड्यूटेरियम पाण्यातून मिळतं, त्याची चिंता नाही. ट्रिटियम मात्र निसर्गात जवळजवळ नाहीच, त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे साठवून ठेवलं तरी आपोआप संपत जातं. १ गिगावॅट फ्युजन पॉवर वर्षभर चालवायची तर साधारण ५५ किलो ट्रिटियम जळतं, आणि जगभरात आज नागरी वापरासाठी जेवढं आहे ते काही डझन किलोच आहे, तेही मुख्यतः कॅनडाच्या जड पाण्याच्या रिअॅक्टरमधून आलेलं. म्हणून पुढचे रिअॅक्टर स्वतःचं ट्रिटियम स्वतः लिथियमपासून बनवणार, पण त्यात शिल्लक अगदी काठावरची राहते. आता अशा ठिकाणी इंधनाचा एक छोटा हिस्साही भिंतीत अडकून बसला आणि परत आलाच नाही, तर अख्खं गणित कोलमडतं.

दुसरं सेफ्टी. ट्रिटियम किरणोत्सारी आहे, त्याचे बीटा कण कातडीसुद्धा भेदत नाहीत पण पाण्यात मिसळून शरीरात गेलं तर त्रास आहे. म्हणून रिअॅक्टरच्या आत किती साठू द्यायचं याला मर्यादा असते, इटरसाठी ही मर्यादा १ किलोच्या आसपास धरलेली होती. भिंतीतून आरपार जाऊन थंड करणाऱ्या पाण्यात उतरलं तर ते वेगळंच प्रकरण.

तिसरं म्हणजे धातूच खराब होतो, पृष्ठभागावर फोड येतात, ठिसूळ होतो. हे आपल्याकडे वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्लेटिंगचं काम करणाऱ्याला सांगायची गरज नाही, हाय टेन्साइल बोल्टला झिंक प्लेटिंग केलं की लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास बेकिंग करतात ते कशासाठी, तर प्लेटिंग करताना स्टीलमध्ये घुसलेला हायड्रोजन बाहेर काढायला, नाहीतर बोल्ट काही दिवसांनी लोडखाली अचानक तुटतो. पोलाद वेगळं, टंगस्टन वेगळं, पण हायड्रोजनचा स्वभाव तोच, लहान आहे, कुठेही शिरतो आणि जिथे धातूत खोट असेल तिथे जाऊन बसतो.

इतिहासातही याचा धडा आहे. इंग्लंडमधल्या जेट या टोकामाकमध्ये पूर्वी कार्बनच्या भिंती होत्या, १९९७ च्या ड्यूटेरियम-ट्रिटियम प्रयोगांत ट्रिटियमचा मोठा हिस्सा त्या कार्बनमध्ये अडकून राहिला. नंतर २०११ पासून बेरिलियम आणि टंगस्टनची भिंत बसवली तेव्हा अडकणारं इंधन दहा पटीहून जास्त कमी झालं. भिंतीचं मटेरियल बदललं की एवढा फरक पडतो, म्हणून आत अणूंच्या पातळीवर काय चाललंय ते कळायलाच हवं.

प्रश्न: "अडकतो" म्हणजे नेमका कुठे अडकतो?

शुद्ध, अखंड टंगस्टनला हायड्रोजन मुळात आवडत नाही. एक हायड्रोजन अणू आत ढकलायला साधारण १ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा खर्च होते. पण प्लाझ्मातून जोरात येऊन आदळला की घुसतोच, आणि एकदा आत आला की टंगस्टन अणूंच्या मधल्या फटींतून उड्या मारत सुटतो, एका उडीला अडथळा फक्त ०.२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा, म्हणजे रूम टेम्परेचरलासुद्धा सेकंदाला अब्जावधी उड्या.

हे चालतं तोपर्यंत, जोपर्यंत त्याला एखादी खोट सापडत नाही. एक टंगस्टन अणू जागेवरून गायब असेल तर तिथे व्हेकन्सी तयार होते, आणि ती हायड्रोजनला फार सोयीची. कर्जत लोकलमध्ये ठाण्याहून उभा असलेला माणूस डब्यात इकडून तिकडे सरकत असतो, पण एकदा सीट मिळाली की उठायचं नाव घेत नाही, तसंच. आणि पहिला खिडकीत बसलेला सगळ्यात घट्ट, चौथ्या सीटवर टेकलेला जरा धक्का लागला की उठतो, हेही अगदी तसंच आहे, कारण एका व्हेकन्सीत एकामागून एक अणू बसत जातात, रूम टेम्परेचरला पाच-सहा तरी, आणि प्रत्येक पुढच्याची पकड आधीच्यापेक्षा ढिली होत जाते.

व्हेकन्सीशिवाय दाण्यांच्या (धातूतल्या बारीक स्फटिकांच्या) सीमा, डिस्लोकेशन म्हणजे अणूंच्या ओळी सरकून पडलेल्या खोटी, पोकळ्या, हेलियमचे बुडबुडे, हे सगळे सापळेच. आणि फ्युजनमधून निघणारे १४.१ एमईव्हीचे (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टचे) न्यूट्रॉन रोज नवे सापळे पाडत राहतात, म्हणजे भिंत जुनी होत जाते तशी तिची हायड्रोजन धरून ठेवायची क्षमता बदलत जाते.

प्रश्न: मग सरळ प्रयोग करून मोजा ना, सिम्युलेशन कशाला?

मोजतात. टंगस्टनच्या तुकड्यावर ड्यूटेरियम मारतात, मग तो हळूहळू तापवत नेतात आणि कोणत्या तापमानाला किती ड्यूटेरियम बाहेर पडतंय ते मास स्पेक्ट्रोमीटरने बघतात, त्याला टीडीएस म्हणतात. ग्राफमध्ये डोंगर दिसतात, एकेक डोंगर एकेका प्रकारच्या सापळ्याचा. अडचण अशी की तोच ग्राफ दोन-तीन वेगवेगळ्या सापळ्यांच्या याद्या घेऊनही जुळवता येतो, ग्राफ आतला फोटो देत नाही. शिवाय १४ एमईव्ही न्यूट्रॉनचा वर्षानुवर्षांचा मारा झालेला टंगस्टन आज कुठे मिळतच नाही, तसा रिअॅक्टरच अजून चालू झालेला नाही. त्यामुळे गणित लागतंच.

प्रश्न: पण गणितासाठी डीएफटी आहेच की. मशीन लर्निंगची गरज कुठे पडली?

डीएफटी, म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरी, फार चांगली पद्धत आहे, इलेक्ट्रॉनचं क्वांटम गणित करून ऊर्जा आणि बल काढते, वॉल्टर कोन यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. पण महाग. अणूंची संख्या दुप्पट केली की खर्च साधारण आठपट होतो, त्यामुळे काहीशे अणू आणि काही पिकोसेकंद एवढ्यावर गाडी थांबते. दाण्याची सीमा, बुडबुडा, फोड असलं काही काहीशे अणूंत मावत नाही, त्याला लाखो अणू लागतात.

दुसऱ्या टोकाला जुनी क्लासिकल पोटेन्शियल्स (अणू कुठे आहेत त्यावरून ऊर्जा सांगणारी सूत्रं), म्हणजे ईएएम, टर्सॉफ वगैरे. ठरलेला फॉर्म्युला, त्यात दहा-वीस आकडे जुळवलेले, कोट्यवधी अणूंवर भराभर चालतात. पण हायड्रोजन-टंगस्टनमध्ये ती कुठेतरी फसतात, एखाद्याला फटीतला हायड्रोजन बरोबर जमतो तर व्हेकन्सीतला चौथा-पाचवा चुकतो, दुसऱ्याला आतलं जमतं तर पृष्ठभाग चुकतो. कारण फॉर्म्युल्यात तेवढी जागाच नाही.

मशीन लर्निंग पोटेन्शियल या दोघांच्या मध्ये बसतं. डीएफटीने हजारो छोट्या छोट्या रचनांची ऊर्जा आणि बलं काढून ठेवायची, आणि मॉडेलला शिकवायचं की एखाद्या अणूच्या ५-६ अँगस्ट्रॉमच्या परिसरात शेजारी असे असे बसले असतील तर त्याच्या वाट्याची ऊर्जा किती. सगळ्या अणूंची बेरीज म्हणजे एकूण ऊर्जा, तिचा उतार म्हणजे बल. २००७ मध्ये बेहलर आणि पारिनेल्लो यांनी न्यूरल नेटवर्कने हे करून दाखवलं, २०१० मध्ये गॅप आलं, मग स्नॅप, डीपएमडी, एसीई, नेक्विप, मेस अशी रांगच लागली. वेगाचं म्हणाल तर डीएफटीपेक्षा हजारो-लाखो पटीने जलद, क्लासिकलपेक्षा दहा ते शंभर पट किंवा आणखीही हळू, पण अचूकता डीएफटीच्या जवळची.

प्रश्न: ऊर्जेत थोडी चूक राहिली तर चालत नाही का? ०.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे किती तो फरक!

याच प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण इथे बहुतेकांना अंदाज येत नाही.

समजा व्हेकन्सीतून सुटायला १.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. अणू सेकंदाला साधारण १ वर १३ शून्य इतक्या वेळा थरथरतो असं धरून आकडेमोड केली, तर ३०० केल्विनला त्याला सुटायला हजार वर्षांच्या आसपास लागतील. ६०० केल्विनला सेकंदाच्या सोळाव्या-सतराव्या भागात सुटेल. १००० केल्विनला एका मायक्रोसेकंदात. तोच अणू, तोच सापळा, फक्त तापमान वेगळं.

आता १.४ च्या ऐवजी मॉडेलने १.३ सांगितलं. ३०० केल्विनला हजार वर्षांची वीस-पंचवीस वर्षं झाली, जवळपास पन्नासपट चूक. ६०० केल्विनला सातपट. कारण ऊर्जा घातांकात बसलेली आहे. म्हणून भिंतीत ट्रिटियम किती राहील हे सांगणाऱ्या मॉडेलकडून अपेक्षा कडक ठेवायला लागते, "बऱ्यापैकी जुळतंय" म्हणून सोडून देता येत नाही.

आणि एक गोष्ट पेपर वाचताना नेहमी बघा. एरर बहुतेक वेळा प्रति अणू दिलेला असतो, २ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अणू वाचून छान वाटतं. पण सिम्युलेशनच्या पेटीत २५० टंगस्टन आणि १ हायड्रोजन असेल तर एकूण ०.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट झाले की. हे खरं आहे की दोन जवळच्या रचनांची वजाबाकी करताना त्यातला बराचसा भाग कटतो, पण किती कटतो ते तपासूनच कळतं. सरासरीत टंगस्टनचंच राज्य असतं, एकटा हायड्रोजन त्यात लपून जातो. मला विचाराल तर सरासरी एररचा ग्राफ शेवटी बघावा, आधी हायड्रोजनची बंधनऊर्जा (सापळ्यातली पकड किती घट्ट ते), उडीचा अडथळा, पृष्ठभागावरची ऊर्जा हे वेगवेगळं मोजून डीएफटीशी ताडून दाखवलंय का ते बघावं.

प्रश्न: मॉडेल चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं? काही ठरलेल्या टेस्ट आहेत का?

टंगस्टन-हायड्रोजनसाठी मी या गोष्टी विचारतो. फटीतला हायड्रोजन टेट्राहेड्रल जागेत (चार टंगस्टन अणूंच्या मध्ये) बसतो का, ऑक्टाहेड्रल जागेत (सहांच्या मध्ये) नको, डीएफटीप्रमाणे तिथे तो जवळपास ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्टने वर असतो. अखंड टंगस्टनमध्ये दोन हायड्रोजन जवळ आणले तर ते जोडी जमवून रेणू बनवत नाहीत ना. व्हेकन्सीत ते मध्ये एकत्र गोळा न होता भिंतींना चिकटून बसतात का. आणि पोकळी मोठी झाली की मात्र आत हायड्रोजनचा रेणू तयार होतो का. यातलं एक जरी उलटं आलं तरी पुढचे लाख अणूंचे सुंदर व्हिडिओ बघण्यात अर्थ नाही.

प्रश्न: ट्रेनिंग डेटात काय काय लागतं?

जे जे भिंतीत घडू शकतं ते सगळं, आणि इथेच खरी मेहनत आहे, आर्किटेक्चर निवडण्यात नाही. साधी स्फटिकरचना, ताणलेली, दाबलेली, तापवलेली, वितळलेली. एक-दोन-तीन व्हेकन्सी, त्यात एक ते दहा-बारा हायड्रोजन. वेगवेगळे पृष्ठभाग, दाण्यांच्या सीमा, डिस्लोकेशन. सुटा हायड्रोजन रेणू. शिवाय कण जोरात आदळतो तेव्हा दोन अणू एकमेकांच्या अतिशय जवळ येतात, तसल्या रचना नेहमीच्या डेटात नसतातच, म्हणून जवळच्या अंतरासाठी झेडबीएल नावाचं जुनं सूत्र जोडून देतात. हे जोडलं नाही तर अणू एकमेकांत घुसतात आणि सिम्युलेशन फुटतं.

सगळं आधीच सुचत नाही, म्हणून अॅक्टिव्ह लर्निंग वापरतात. एकाच डेटावर चार-पाच मॉडेलं वेगवेगळी ट्रेन करायची, सिम्युलेशन चालवायचं, आणि जिथे त्यांची उत्तरं एकमेकांपासून फाकतात ती रचना उचलून डीएफटीला द्यायची, उत्तर डेटात घालायचं, परत ट्रेन करायचं. यात एक खाच आहे, सगळी मॉडेलं एकाच पद्धतीने चुकत असतील तर ती फाकत नाहीत, एकमताने चुकतात.

प्रश्न: म्हणजे मॉडेल डीएफटीपेक्षा भारी होऊच शकत नाही?

नाही. ज्याच्याकडून शिकलं त्याच्या चुका घेऊनच ते येतं.

प्रश्न: मग या मॉडेलवर थेट रिअॅक्टरचं पूर्ण वर्ष चालवून बघता येईल का?

नाही, आणि ही अपेक्षाच काढून टाका. हायड्रोजन हलका आहे म्हणून स्टेप अर्ध्या फेमटोसेकंदाच्या आसपास घ्यावी लागते, म्हणजे १ नॅनोसेकंदाला २० लाख स्टेप्स. भरपूर जीपीयू लावले तरी नॅनोसेकंद, फार तर मायक्रोसेकंदांपर्यंत जाता येतं. वर लिहिलेला हजार वर्षांचा सापळा तिथे कधीच उघडताना दिसणार नाही.

म्हणून जिने चढावे लागतात. मशीन लर्निंग पोटेन्शियलने उडीचे अडथळे आणि बंधनऊर्जा काढायच्या, त्या कायनेटिक माँटे कार्लोला द्यायच्या, तिथे प्रत्येक थरथर न मोजता फक्त उड्या मोजतात म्हणून काळ लांबतो. त्यापुढे भिंत सलग माध्यम धरून समीकरणं सोडवणारे कोड, उदाहरणार्थ फेस्टिम, जे ओपन सोर्स आहे आणि पायथनमध्ये चालतं, त्यात मिलिमीटर जाडीची भिंत आणि तासन् तासांचा काळ मावतो. या वरच्या पायरीवरही मशीन लर्निंग येतं पण वेगळ्या कामाला, म्हणजे कोडचं जलद बदली मॉडेल बनवणं, किंवा टीडीएसच्या ग्राफवरून सापळ्यांच्या ऊर्जा त्यांच्या अनिश्चिततेसकट काढणं. मला हा दुसरा उपयोग फार मोलाचा वाटतो, कारण तिथे प्रयोग आणि सिम्युलेशन एकमेकांना दुरुस्त करतात.

प्रश्न: ड्यूटेरियम आणि ट्रिटियमसाठी वेगळं मॉडेल ट्रेन करायचं का?

गरज नाही. तिघांचा विद्युतभार तोच म्हणून पोटेन्शियल तेच, इनपुट फाइलमध्ये फक्त वस्तुमान बदलायचं. मात्र कमी तापमानाला हलक्या अणूचा क्वांटम स्वभाव जाणवतो, शून्यबिंदू ऊर्जा (शून्य तापमानालाही अणूच्या थरथरीत उरणारी) धरावी लागते, आणि ती तिघांसाठी वेगवेगळी असते.

प्रश्न: अजून काय जमलेलं नाही?

भिंत टंगस्टनची राहतच नाही, ही मोठी गोष्ट. न्यूट्रॉनच्या माऱ्याने टंगस्टनचे काही अणू हळूहळू रेनियम आणि ऑस्मियम होतात. प्लाझ्मातून हेलियम येतं, आणि १००० ते २००० केल्विनच्या दरम्यान त्यामुळे पृष्ठभागावर चक्क केसाळ, तंतूंसारखी रचना उगवते. म्हणजे मॉडेलला टंगस्टन, रेनियम, ऑस्मियम, हेलियम, हायड्रोजन सगळे एकत्र यायला हवेत, आणि प्रत्येक नवीन मूलद्रव्याबरोबर दाखवायच्या रचना झपाट्याने वाढतात. अलीकडे मेस-एमपी-० सारखी तयार मॉडेलं आलीत, आवर्तसारणीतल्या बहुतेक मूलद्रव्यांवर ट्रेन केलेली. सुरुवातीला ती उत्तम, पण त्यांचा डेटा मुख्यतः नीट बसलेल्या स्फटिकांचा आहे, उद्ध्वस्त झालेल्या भिंतीचा नाही, म्हणून आपल्या कामापुरता जादा डेटा देऊन परत ट्रेन करायलाच लागतं.

प्रश्न: ऐरोली-महापेची डेटा सेंटर उद्या फ्युजनवर चालतील का?

आज जगात वीज विकणारा एकही फ्युजन प्लांट नाही. इटरही वीज बनवण्यासाठी नाही, ५० मेगावॅट गरमाई देऊन ५०० मेगावॅट फ्युजन पॉवर मिळवायचं त्याचं लक्ष्य आहे. जेटने २०२३ मध्ये शेवटच्या प्रयोगांत ६९ मेगाज्यूल काढले, काही सेकंदांत. होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत वीस वर्षांत मार्ग सापडेल असं म्हटलं होतं, आता सत्तर वर्षं झाली. मी तारीख देणार नाही, भिंतीचा प्रश्न सुटल्याशिवाय कुणी दिली तरी त्यावर विसंबू नका.

प्रश्न: काका, माझी मुलगी मेकॅनिकलला आहे, तिला यात जायचंय. त्यासाठी परदेशीच जावं लागेल का?

नाही हो. भारत इटरच्या सात सदस्यांपैकी एक आहे, इटरचा प्रचंड क्रायोस्टॅट हजिऱ्याला एल अँड टीने बनवला. फ्युजनची मुख्य संस्था गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, आदित्य आणि एसएसटी-१ टोकामाक तिथलेच. मटेरियलसाठी वाशीच्या खाडीपलीकडे ट्रॉम्बेतलं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र), पवईला आयआयटी. पीएचडीसाठी जेस्ट, गेट या परीक्षांकडे आत्तापासून लक्ष ठेवू दे. मेकॅनिकलची पोरं यात मागे पडत नाहीत, उष्णता, ताण, डिफ्युजन त्यांना आधीच माहीत असतं, फक्त थोडं क्वांटम आणि पायथन वाढवायचं.

प्रश्न: घरी लॅपटॉपवर काही करून बघता येईल का?

येईल, आणि करून बघाच. डीएफटीसाठी क्वांटम एस्प्रेसो आणि अणूंच्या सिम्युलेशनसाठी लॅम्प्स, दोन्ही फुकट आहेत, जीपीयू नसेल तर गूगल कोलॅबवरचा पुरतो. टंगस्टनची ४×४×४ ची पेटी घ्या, १२८ अणू, एका पेशीची बाजू ३.१६५ अँगस्ट्रॉम. तयार मॉडेल लावा, एक हायड्रोजन टेट्राहेड्रल जागेत ठेवून रचना शिथिल करा, म्हणजे ऊर्जा कमीत कमी होईपर्यंत अणू सरकू द्या, मग ऑक्टाहेड्रल जागेत ठेवा, पण तिथे हायड्रोजनला जागेवर धरून ठेवा नाहीतर तो घसरून खाली येईल. दोन्हीतला फरक काढा. मग एक टंगस्टन अणू काढून टाका आणि व्हेकन्सीत एकेक हायड्रोजन वाढवत बंधनऊर्जा लिहीत जा, पहिल्यासाठी १.२ ते १.४ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यान यायला हवं आणि पुढे उतरत जायला हवं. आकडा भलताच आला तर आधी तुमची पेटी आणि शिथिलीकरण तपासा, ते बरोबर असेल तर मॉडेलच्या ट्रेनिंग डेटात व्हेकन्सी होती का ते शोधा.